उंच इमारतींतील अभियांत्रिकी लाकडाविषयीचे आक्षेप

लाकडाच्या फळ्या किंवा पातळ पापुद्रे चिकटद्रव्याने दाबून जोडून तयार केलेल्या, ठरावीक ताकदीच्या बांधकाम साहित्याला अभियांत्रिकी लाकूड म्हणतात. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून युरोप, उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि जपान येथे या लाकडाचे खांब, तुळया, भिंती व मजल्यांचे तक्ते वापरून बहुमजली इमारती उभारल्या जात आहेत. सिमेंट व पोलादापेक्षा कमी कार्बन उत्सर्जन, हलके वजन आणि जलद उभारणी ही या पद्धतीची प्रमुख वैशिष्ट्ये मानली जातात. मात्र इमारतीची उंची वाढते तसे आग, ओल, सांध्यांची मजबुती, वाऱ्याने होणारे हेलकावे आणि जंगलांवरील ताण यांविषयी अभियंते, अग्निसुरक्षातज्ज्ञ, विमा व्यावसायिक व पर्यावरण अभ्यासक यांनी गंभीर आक्षेप नोंदवले आहेत. यांतील काही आक्षेपांना चाचण्यांतून व सुधारित मानकांतून उत्तरे मिळाली आहेत. काहींची उत्तरे इमारतींच्या दीर्घकालीन वापरानंतरच मिळू शकतील. अनेक उपायांमध्ये लाकडाला काँक्रीट, पोलाद किंवा जिप्सम बोर्डाची जोड द्यावी लागते. त्यामुळे ज्या फायद्यांसाठी लाकूड निवडले जाते, तेच काही प्रमाणात कमी होतात.

पार्श्वभूमी

उंच लाकडी बांधकाम ही नवी कल्पना नाही. चीनच्या शान्शी प्रांतातील यिंगश्येन येथील १०५६ साली बांधलेला लाकडी पॅगोडा सुमारे ६७ मीटर उंच असून तो आजही उभा आहे. याउलट शहरांतील दाट लाकडी वस्त्या वारंवार आगीत नष्ट झाल्या. १६६६ च्या लंडनमधील आगीनंतर वीट व दगडाच्या भिंती बंधनकारक करणारा कायदा झाला. १८७१ च्या शिकागोतील आगीनंतर अमेरिकेतही ज्वलनशील बांधकामावरील निर्बंध वाढत गेले. पुण्यातील शनिवारवाड्याचे लाकूड व विटांचे वरचे मजले १८२८ च्या आगीत जळाले आणि मुख्यतः दगडी जोती व तटबंदी मागे राहिली. लाकडी इमारतींच्या उंचीवर अनेक देशांत असलेल्या मर्यादांमागे असा अनुभव आहे.

आधुनिक स्तरित लाकडाचा पाया जर्मन सुतार व उद्योजक ओटो हेट्झर यांनी घातला. फळ्यांचे थर एकाच दिशेने चिकटवून वक्र तुळई तयार करण्याच्या पद्धतीचे पेटंट त्यांना १९०६ मध्ये मिळाले. या प्रकाराला ग्लुलॅम म्हणतात. १९९० च्या दशकात ऑस्ट्रिया व जर्मनीत क्रॉस लॅमिनेटेड टिंबर, संक्षेपाने सीएलटी, विकसित झाले. यात फळ्यांचा प्रत्येक थर खालच्या थराशी काटकोनात चिकटवतात. लाकूड तंतूंच्या दिशेने बळकट आणि आडव्या दिशेने कमकुवत असते. थर आलटूनपालटून ठेवल्याने तक्ता दोन्ही दिशांनी भार पेलू शकतो व कमी आकसतो. सीएलटीच्या विकासातील कार्याबद्दल ग्राझ तंत्रविद्यापीठाचे गेरहार्ड शिकहोफर यांना २०१९ चे मार्कुस वालेनबर्ग पारितोषिक मिळाले. पातळ पापुद्र्यांपासून तयार होणारे लॅमिनेटेड व्हिनियर लंबर हा तिसरा प्रमुख प्रकार आहे.

प्रमुख इमारती

लंडनमधील मरे ग्रोव्ह येथील ९ मजली श्टाटहाउस (२००९) ही सीएलटीच्या सुरुवातीच्या बहुमजली निवासी इमारतींपैकी एक होय. नॉर्वेतील बर्गन येथे १४ मजली ट्रेत (२०१५), कॅनडातील व्हँकुव्हर येथे ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे १८ मजली वसतिगृह ब्रॉक कॉमन्स (२०१७) आणि नॉर्वेतील ब्रुमुनडाल येथे १८ मजली, ८५.४ मीटर उंच म्योस्टोर्नेट (२०१९) या इमारती त्यानंतर पूर्ण झाल्या. अमेरिकेतील मिलवॉकी येथील २५ मजली असेंट (२०२२) या इमारतीची उंची ८६.६ मीटर आहे.

यांपैकी अनेक इमारती शुद्ध लाकडी नाहीत. ब्रॉक कॉमन्सचा तळमजला तसेच जिने व उद्‍वाहने सामावणारे दोन्ही गाभे काँक्रीटचे आहेत. असेंटमध्ये खालचे मजले व गाभे काँक्रीटचे असून त्यावर लाकडी मजले रचलेले आहेत. म्योस्टोर्नेटचा सांगाडा ग्लुलॅमचा असला तरी वरच्या मजल्यांवर मुद्दाम काँक्रीटचे तक्ते वापरले आहेत. त्यामुळे ‘लाकडी गगनचुंबी इमारत’ या शब्दप्रयोगाच्या अचूकतेविषयीही मतभेद आहेत.

आगीविषयीचे आक्षेप

कोळशाचा थर व त्याच्या मर्यादा

जाड लाकूड पेटले की त्याच्या पृष्ठभागावर कोळशाचा थर तयार होतो. हा थर उष्णतारोधक असल्याने आतील लाकूड काही काळ सुरक्षित राहते. युरोपीय संकल्पन मानकात मऊ लाकडाचा जळण्याचा मूलभूत वेग मिनिटाला सुमारे ०.६५ मिलिमीटर धरला जातो. म्हणजे एका तासात सुमारे ४ सेंटिमीटर लाकूड कोळसा होते. अभियंते तेवढी अतिरिक्त जाडी ठेवून खांब व तुळयांचे संकल्पन करतात. पोलाद उष्णतेने मऊ होऊन वाकते, तर जाड लाकडाची जाडी अंदाज करता येईल अशा गतीने घटते, हा समर्थकांचा मुख्य युक्तिवाद याच गुणधर्मावर आधारलेला आहे.

टीकाकारांच्या मते हा युक्तिवाद खरा असला तरी अपुरा आहे. लाकूड सुमारे ३०० अंश सेल्सिअसला कोळसा होऊ लागते. परंतु त्याची ताकद त्याआधीच घटते. त्याच युरोपीय मानकानुसार १०० अंश सेल्सिअसला तंतूंच्या दिशेतील दाब सोसण्याची क्षमता सामान्य तापमानाच्या सुमारे एक चतुर्थांश धरली जाते. शिवाय ज्वाला विझल्यानंतरही उष्णता लाकडाच्या गाभ्याकडे सरकत राहते. जर्मनीत भारित ग्लुलॅम खांबांवर झालेल्या चाचण्यांत काही खांब आग चालू असताना टिकले, परंतु भट्टी थंड होत असताना मोडले. विझलेल्या इमारतीत शोधकार्यासाठी शिरणाऱ्या अग्निशमन जवानांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

उंचीचा प्रश्न

दोन-तीन मजली घरातील रहिवासी काही मिनिटांत बाहेर पडू शकतात आणि आग बाहेरून विझवता येते. वीस मजली इमारतीत बाहेर पडण्यास अधिक वेळ लागतो, तर वरचे मजले अग्निशमन दलाच्या शिडीच्या पल्ल्याबाहेर असतात. म्हणून तुषार यंत्रणा बंद पडली आणि बाहेरून मदत मिळाली नाही, तरी आतील सर्व ज्वलनशील वस्तू जळून आग आपोआप शमेपर्यंत सांगाडा उभा राहावा, अशी अपेक्षा उंच इमारतींकडून केली जाते. काँक्रीटच्या खोलीतील आग सामान जळून संपल्यावर ओसरते. उघड्या लाकडाच्या खोलीत मात्र भिंती व छत हेच इंधन ठरतात. अशी आग केव्हा ओसरेल, किंबहुना ओसरेल की नाही, हा या क्षेत्रातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

प्रयोगांतून असे दिसते की सामान जळून गेल्यावर लाकडावर पडणारी उष्णता एका मर्यादेखाली आली, तर लाकडाच्या ज्वाला विझू शकतात. त्यासाठी कोळशाचा थर जागेवर टिकणे आवश्यक असते. सुरुवातीच्या सीएलटीतील काही पॉलियुरेथेन चिकटद्रव्ये उष्णतेने मऊ होत, जळालेला थर गळून पडे आणि आतील ताजे लाकूड पेटून खोली पुन्हा भडके. ही त्रुटी लक्षात आल्यावर अमेरिका व कॅनडा येथील सीएलटीच्या मानकात २०१८ मध्ये उष्णतारोधक चिकटद्रव्याची अट घालण्यात आली. २०२१ मध्ये फ्रान्समध्ये सुमारे ३५२ चौरस मीटरच्या मोकळ्या दालनात झालेल्या प्रयोगमालेत उघड्या सीएलटी छतामुळे आग वेगाने पसरल्याचे आणि ज्वाला विझल्यानंतरही लाकूड ठिकठिकाणी धुमसत राहिल्याचे आढळले. मोठ्या खुल्या कार्यालयांना लहान खोल्यांच्या चाचण्यांचे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत, हा आक्षेप या प्रयोगांनी बळकट केला.

बांधकामादरम्यानची आग

जिप्सम बोर्ड, दरवाजे व तुषार यंत्रणा बसण्यापूर्वी लाकडी सांगाडा सर्वाधिक असुरक्षित असतो. सप्टेंबर २०१४ मध्ये इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठाची बांधकामाधीन लाकडी प्रयोगशाळा आगीत पूर्णपणे नष्ट झाली. ती नंतर पुन्हा बांधण्यात आली. अशा धोक्यामुळे ब्रॉक कॉमन्सच्या उभारणीत लाकडी मजले चढत असतानाच खालचे मजले जिप्सम बोर्डाने झाकत जाण्याची पद्धत अवलंबण्यात आली.

बाह्य भिंती

१४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला लागलेल्या आगीत ७२ जण मृत्युमुखी पडले. ही इमारत काँक्रीटची होती आणि आग मुख्यतः तिच्या बाहेरील पॉलिथिलीनयुक्त आवरणातून पसरली. तरीही तिच्या परिणामी इंग्लंडमध्ये डिसेंबर २०१८ पासून १८ मीटरपेक्षा उंच निवासी इमारतींच्या बाह्य भिंतींत ज्वलनशील साहित्य वापरण्यास बंदी आली. बाहेरच्या भिंतीतील सीएलटीही या बंदीच्या कक्षेत आले.

ओल, बुरशी आणि कीड

कारखान्यातून बाहेर पडताना सीएलटीत साधारण १२ टक्के आर्द्रता असते. ती दीर्घकाळ २० टक्क्यांच्या वर राहिली तर लाकूड कुजवणाऱ्या बुरशीचा धोका वाढतो. उभारणीच्या काळात पाऊस पडल्यास पाणी तक्त्यांच्या सांध्यांत शिरते आणि जाड लाकूड सावकाश सुकते. इमारत वापरात आल्यानंतर स्नानगृह, नळ किंवा छताची गळती हे प्रमुख धोके असतात. काँक्रीटमधील गळती डागांवरून लवकर दिसते. सीएलटीचा तक्ता वरून काँक्रीटच्या थराने आणि खालून जिप्सम बोर्डाने झाकलेला असल्यास ओल अनेक महिने लपून राहू शकते. भार पेलणारा तक्ता बदलणे खर्चिक असल्याने विमा कंपन्या आगीइतकेच पाण्याच्या नुकसानीलाही महत्त्व देतात. तक्त्यांत आर्द्रतामापक बसवणे व उभारणीदरम्यान तात्पुरते छत घालणे हे प्रचलित उपाय आहेत.

उष्ण प्रदेशांत यात वाळवीची भर पडते. चिकटद्रव्यामुळे स्प्रूससारख्या मऊ लाकडाला वाळवीपासून संरक्षण मिळत नाही आणि जाड तक्त्यांच्या गाभ्यापर्यंत रासायनिक संरक्षक पोहोचवणे कठीण असते. बहुतेक उंच लाकडी इमारती थंड किंवा समशीतोष्ण प्रदेशांत आहेत. त्यामुळे तेथील अनुभव दमट उष्ण प्रदेशांना कितपत लागू पडतो, हा प्रश्न उपस्थित केला जातो.

सांधे, हेलकावे आणि आकसणे

लाकडी सांगाड्यात खांब किंवा तुळईपेक्षा त्यांचे सांधे अधिक नाजूक असतात. मोठ्या ग्लुलॅम सांगाड्यांत लाकडात खाच पाडून पोलादी पट्ट्या बसवतात आणि आरपार पोलादी खुंट्या ठोकतात. १५ ऑगस्ट २०२२ रोजी नॉर्वेतील ट्रेटेन येथील पूल कोसळला. ग्लुलॅम व पोलादाचा हा पूल २०१२ मध्ये खुला झाला होता. त्यावरील दोन्ही वाहनांचे चालक बचावले. एका तिरक्या घटकाच्या सांध्यात खुंट्यांभोवतीचा लाकडाचा ठोकळा फाटून निघाल्याने पूल कोसळल्याचा निष्कर्ष नॉर्वेच्या सुरक्षा तपास संस्थेने काढला. त्याच खोऱ्यातील एक लाकडी पूल २०१६ मध्येही सांध्यातील दोषामुळे पडला होता. पूल उघड्यावर असतो व त्यावरून अवजड वाहने जातात, त्यामुळे इमारतींशी त्याची थेट तुलना होत नाही. मात्र तत्सम सांधे उंच इमारतींतही वापरले जात असल्याने या घटनांनी नियम पुरेसे आहेत का, ही चर्चा पुढे आणली.

स्प्रूस लाकडाची घनता काँक्रीटच्या सुमारे एक पंचमांश असते. हलकेपणामुळे पायाचा खर्च व भूकंपाचा जोर कमी होतो. २०२३ मध्ये सॅन दिएगो येथील कंपमंचावर १० मजली लाकडी सांगाड्याला १९९४ च्या नॉर्थरिज व १९९९ च्या तैवानमधील भूकंपांच्या नोंदींनुसार हलवण्यात आले आणि त्याच्या मुख्य सांगाड्याला लक्षणीय हानी झाली नाही. वाऱ्याच्या बाबतीत मात्र हाच हलकेपणा अडचणीचा ठरतो. हलकी इमारत अधिक जोराने हेलकावते आणि ती सुरक्षित असली तरी वरच्या मजल्यावरील रहिवाशांना अस्वस्थ वाटू शकते. ट्रेत व म्योस्टोर्नेट येथे काँक्रीटचे तक्ते घालण्याचे मुख्य कारण वजन वाढवून हे हेलकावे कमी करणे हेच होते. पावलांचा आवाज खालच्या घरात पोहोचू नये म्हणूनही मजल्यांवर अनेकदा काँक्रीटचा थर द्यावा लागतो.

लाकूड सुकताना व दीर्घकाळ भाराखाली राहिल्याने आखडते. तंतूंच्या आडव्या दिशेने हे प्रमाण अधिक असते. म्हणून उंच इमारतींत वरचा खांब मजल्याच्या तक्त्यावर न टेकवता पोलादी तुकड्याद्वारे थेट खालच्या खांबावर उभा करतात. शेजारचा काँक्रीटचा गाभा वेगळ्या प्रमाणात आकसतो आणि हा फरक मजल्यागणिक साठत जातो.

निर्मितीतील दोष

मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतील ओरेगन राज्य विद्यापीठाच्या वनशास्त्र संकुलाचे बांधकाम चालू असताना सीएलटी तक्त्याचे थर सुटून त्याचा काही भाग खाली पडला. दाब देण्यापूर्वीच चिकटद्रव्य अंशतः घट्ट झाल्याने जोड कच्चे राहिल्याचे आढळले. या घटनेमुळे कारखान्यातील गुणवत्ता तपासणीचे महत्त्व अधोरेखित झाले. कारण तक्ता बसवल्यानंतर आतील चिकटजोडाची तपासणी करणे कठीण असते.

कार्बनच्या हिशोबाविषयीचे आक्षेप

कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग कार्बन असतो. त्यानुसार ४५० किलोग्रॅम कोरडे वजन असलेल्या एक घनमीटर लाकडात सुमारे ८२५ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साईडइतका कार्बन साठलेला असतो. हा साठा इमारत टिकेपर्यंत वातावरणाबाहेर राहतो, असे समर्थक सांगतात. टीकाकारांच्या मते या हिशोबात तोडलेल्या झाडाचा संपूर्ण हिशोब येत नाही. फांद्या, मुळे, साल व भुसा यांतील बराच कार्बन कुजून किंवा जळून लवकर हवेत जातो आणि तोडलेले जंगल पूर्ववत होण्यास अनेक दशके लागतात. जुलै २०२३ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात येत्या दशकांत जगभरातील लाकूडतोडीमुळे होणारे उत्सर्जन वर्षाला ३.५ ते ४.२ अब्ज टन कार्बन डायऑक्साईडइतके असेल, असा अंदाज मांडला आहे. यात केवळ इमारतींचे नव्हे, तर सर्व उपयोगांचे लाकूड येते.

याउलट २०२२ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मधील अभ्यासाने शहरांत नव्याने वाढणाऱ्या लोकसंख्येपैकी ९० टक्के लोकांना मध्यम उंचीच्या लाकडी इमारतींत घरे दिल्यास २१०० पर्यंत सुमारे १०६ अब्ज टन कार्बन डायऑक्साईड टाळता येईल, असा निष्कर्ष काढला. मात्र त्यासाठी सुमारे १४.९ कोटी हेक्टर अतिरिक्त लागवड लागेल, असेही त्यात नमूद आहे. हे क्षेत्र महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या पाचपटीच्या जवळपास आहे. तसेच हा अभ्यास मध्यम उंचीच्या इमारतींविषयी आहे. उंची वाढते तसे काँक्रीट व पोलादाचे प्रमाण वाढते आणि लाकडामुळे होणारी बचत घटते, त्यामुळे लाकडासाठी ४ ते १२ मजल्यांची उंचीच अधिक योग्य असल्याचे मत अनेक अभ्यासक मांडतात.

नियम आणि विमा

ऑस्ट्रेलियाच्या २०१६ च्या बांधकाम संहितेत तुषार यंत्रणा व अग्निरोधक आवरण असल्यास २५ मीटर परिणामी उंचीपर्यंत लाकडी बांधकामाची सोय करण्यात आली. कॅनडाच्या २०२० च्या संहितेत आवरणयुक्त लाकडी इमारतींना १२ मजल्यांपर्यंत परवानगी आहे. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या २०२१ च्या आंतरराष्ट्रीय इमारत संहितेने ९, १२ व १८ मजल्यांपर्यंतचे तीन वर्ग निर्माण केले. यांतील सर्वांत उंच वर्गात सर्व लाकूड अज्वलनशील आवरणाने झाकणे आवश्यक आहे. म्हणजेच सर्वाधिक उंचीच्या इमारतींत लाकूड वापरता येते, पण ते उघडे ठेवता येत नाही.

संहितेची परवानगी आणि विम्याची उपलब्धता या स्वतंत्र बाबी आहेत. संहितेचा मुख्य उद्देश जीवितरक्षण हा असतो. विमा कंपनी मात्र आग विझल्यानंतर इमारत दुरुस्त होईल की पाडावी लागेल, याचाही विचार करते. उंच लाकडी इमारतींच्या नुकसानीची दीर्घ आकडेवारी उपलब्ध नसल्याने जोखमीचे मूल्यमापन सावधपणे केले जाते.

भारतातील स्थिती

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ मध्ये वनसंरक्षणासाठी आपल्या इमारतींत लाकूड वापरण्यावर घातलेली बंदी २०२० मध्ये उठवली. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ नुसार १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत ‘उंच इमारत’ समजली जाते आणि अशा इमारतींच्या बांधकामासाठी अज्वलनशील साहित्य वापरणे अपेक्षित आहे. त्यामुळे परदेशातील धर्तीवर लाकडी मनोरे उभारण्यासाठी संहितेतील तरतुदी बदलाव्या लागतील. कोकण किनाऱ्यासारख्या भागांतील दीर्घ पावसाळा, दमट हवा व वाळवी आणि मोठ्या प्रमाणावर प्रमाणित लाकूड मिळवण्याची गरज या बाबीही विचारात घ्याव्या लागतात.

मूल्यमापन

अभियांत्रिकी लाकडाविषयीचे सर्व आक्षेप एकाच स्वरूपाचे नाहीत. थर गळणे, कच्चे चिकटजोड आणि सांधे फाटणे हे दोष चाचण्यांतून किंवा अपघातांतून उघड झाले आणि त्यांवर तांत्रिक उपाय करता येतात. मोठ्या दालनांतील उघड्या लाकडाची आग हा संशोधनाचा चालू विषय आहे. ओलीचा दीर्घकालीन परिणाम व पाडकामानंतर लाकडातील कार्बनचे काय होईल, हे मात्र प्रयोगशाळेत पूर्णपणे ठरवता येत नाही. सध्याच्या उंच लाकडी इमारतींपैकी बहुतेकांचे वय वीस वर्षांहूनही कमी आहे. दरम्यान उंचीची महत्त्वाकांक्षा वाढत आहे. जपानमधील सुमितोमो फॉरेस्ट्री या कंपनीने २०१८ मध्ये टोकियोत २०४१ पर्यंत ३५० मीटर उंचीची, सुमारे ९० टक्के लाकडाची इमारत उभारण्याचा आराखडा जाहीर केला. त्या आराखड्यातही उरलेला भाग पोलादाचा आहे.